विंचू, मधमाशी, गांधीलमाशी चावली तर काय कराल? घरी थांबायचं कधी आणि दवाखान्यात पळायचं कधी, सविस्तर वाचा

महाड : उन्हाळा सरत आला, पहिला पाऊस पडला की कौलांच्या फटीतले, लाकडांच्या ढिगातले आणि गोवऱ्यांच्या खोपीतले रहिवासी घरात शिरायला लागतात. कुणाला चुलीपाशी विंचू चावतो, कुणाला पडवीत गांधीलमाशी. शेताच्या बांधावरचं आग्या मोहोळ उठतं. त्यात रात्रीची वेळ असते, वाडीवर गाडी नसते. मग घरात एकच गोंधळ होतो. एक म्हणतो चुना लाव, दुसरा म्हणतो लोखंड घास, तिसरा म्हणतो उतरवणाऱ्याला बोलवा. या सगळ्यात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. हा डंख घरी बरा होणारा आहे की दवाखान्यात न्यायचा आहे?

बहुतेक डंख साबण, थंड पाणी आणि थोडा धीर एवढ्यावर बरे होतात. पण काही मोजक्या वेळी अर्धा-एक तासाचा उशीरही जिवावर बेततो. या दोन्हींतला फरक डंखाच्या जागेवर दिसत नाही. बोट भोपळ्यासारखं सुजलेला माणूस सुखरूप असू शकतो. जागेवर साधी लाली नसलेला माणूस घामाने भिजून, गार पडून मृत्यूच्या दारात असू शकतो. म्हणून डंखाच्या जागेकडे एकदा बघा आणि मग माणसाकडे बघत राहा. खालची सगळी माहिती याच एका गोष्टीसाठी आहे.

कोण चावलं? ओळख पटवा

चावणारा जीव ओळखता आला तर अर्धी भीती कमी होते. पण तो पकडण्यासाठी, मारण्यासाठी वेळ घालवू नका. कुणाजवळ मोबाईल असेल तर लांबून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा, तेवढं पुरे.

मधमाशी : आपल्याकडे चार प्रकार दिसतात. सगळ्यात मोठी आणि तापट ती आग्या. मोठ्या झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला, कड्याला तिचं एकच मोठं उघडं पोळं लटकलेलं असतं. सातेरी मध्यम आकाराची. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, कधी जुन्या पेटाऱ्यातही तिच्या पोळ्यांचे एकामागे एक पडदे असतात. फुलोरी अगदी लहान. झुडपात तळहाताएवढं पोळं करते. चौथी पोयाची माशी. ती भिंतीच्या फटीत राहते, दाराशी मेणाची बारीक नळी करते आणि तिला नांगीच नसते, त्यामुळे ती डंख मारूच शकत नाही.

आग्या, सातेरी, फुलोरी यांची कामकरी माशी डंख मारते तेव्हा तिची काटेरी नांगी विषाच्या पिशवीसकट आपल्या कातडीत अडकते आणि माशी मरते. म्हणजे डंखाच्या जागी बारीक काळा काटा दिसला तर ती मधमाशी होती, असं समजा. तो काटा पुढचा काही वेळ विष आत ढकलत राहतो.

गांधीलमाशी : कंबर दोऱ्यासारखी बारीक, पाय लांब, अंग गुळगुळीत. वळचणीला, पत्र्याच्या आत, मीटरच्या पेटीत, बंद खिडकीच्या मागे कागदासारखं राखाडी पोळं करतात त्या पिवळसर-तांबूस माश्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. दुसरी मोठी, काळी, पोटावर पिवळा रुंद पट्टा असलेली. ती जमिनीतल्या बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहते आणि तिचा डंख फार जहाल असतो. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही. त्यामुळे एकच माशी चार-पाच वेळा डंख मारू शकते आणि जागेवर काटा सापडत नाही.

कुंभारीण आणि भुंगा : भिंतीवर, फोटोच्या मागे, प्लगच्या भोकात चिखलाची घरटी करते ती कुंभारीण. त्यात ती पिल्लांसाठी कोळी, अळ्या भरून ठेवते. ती माणसाच्या वाटेला जात नाही. हातात दाबली गेली तरच चावते. वाशाला, बांबूला गोल भोक पाडणारा मोठा काळा भुंगा घूं-घूं करत तोंडासमोर येतो, पण क्वचितच डंख मारतो. या दोघांना घाबरून घरात रॉकेल शिंपडायची गरज नाही.

मुंग्या : घरातल्या छोट्या लाल मुंग्या तोंडाने धरतात आणि मागून नांगी मारतात. आग होते, खाज सुटते, कधी दुसऱ्या दिवशी बारीक फोड येतात. आंब्या-काजूच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना कुठे ओंबील म्हणतात, कुठे हुमले. त्यांना नांगी नसते. त्या चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात, म्हणून चरचरतं. लहान बाळाला जमिनीवर झोपवलं असेल तर मुंग्यांकडे विशेष लक्ष द्या.

विंचू : विंचू हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्याच्या कुळातला. पण घरात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच करायची. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक मोठा, काळा, जाडजूड आकड्यांचा. बऱ्याच गावांत त्याला इंगळी म्हणतात. दिसायला तो भयंकर, ठणका मोठा, पण बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. दुसरा लहान, तांबूस-तपकिरी, आकडे बारीक आणि शेपूट जाड. हा लाल विंचू. दिसायला किरकोळ, पण माणसं यानेच दगावतात. थोडक्यात, आकडे बारीक तर धोका मोठा. ओळख पटली नाही तर लालच होता असं धरून चाला.

घोण : नांगी नसते, तोंडाजवळच्या दोन अणकुचीदार नख्यांनी चावते. दोन बारीक खुणा दिसतात, जागा सुजते, खूप ठणकते. सहसा एक-दोन दिवसांत उतरते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय बुडवून ठेवला तर आराम पडतो. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघावं, म्हणजे भाजणार नाही.

सुरवंट आणि दिव्यावरचा किडा : सुरवंटाचे केस कातडीत रुततात. चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, म्हणजे केस निघतात, मग धुवा. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा लांबट किडा येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या अंगातला रस लागून दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. म्हणून त्याला चिरडू नका, फुंकर मारून उडवा. रस लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

१. आधी त्या जागेपासून लांब जा. मधमाशीने डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या धावून येतात. तिथेच उभं राहून काटा काढत बसू नका.

२. काटा असेल तर ताबडतोब काढा. नखाने खरवडा, बोटांनी ओढा, हाताला लागेल त्याने काढा. पूर्वी सांगायचे की चिमटीत धरू नका, खरवडूनच काढा. पण कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. पिन किंवा कार्ड शोधत दोन मिनिटं घालवली तर तेवढ्यात विष आत गेलेलं असतं.

३. साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा.

४. हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ, धागेदोरे लगेच काढा. सूज आल्यावर अंगठी कापून काढावी लागते.

५. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा ओलं गार फडकं दहा मिनिटं ठेवा, थोडं थांबून परत ठेवा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.

६. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, खाज-सूज असेल तर सिट्रिझिन. मोठ्या माणसाला सिट्रिझिनची १० मिलीग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा पुरते. या गोळीने झोप येते, त्यामुळे घेतल्यावर गाडी चालवू नका. लहान मुलं, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले यांना डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला विचारूनच औषध द्या.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाला निदान एक तास एकटं सोडू नका.

डंखाभोवतीची सूज पहिले एक-दोन दिवस वाढते, मग उतरते. काहींचा पूर्ण हात सुजतो आणि आठवडाभर राहतो. फक्त त्याच भागावर सूज असेल आणि माणूस बाकी ठणठणीत असेल तर घाबरू नका. दोन-तीन दिवसांनंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू झाला, ताप आला तर मात्र जखम चिघळली समजा आणि दवाखाना गाठा.

हे करू नका

आपल्याकडे प्रत्येक घरात एक उपाय असतो. त्यातले बरेचसे निरुपयोगी आणि काही घातक आहेत.

लोखंड घासणे : सुरी, विळा, कुलूप घासल्याने विष उतरत नाही. गार लोखंडाने क्षणभर बरं वाटतं, ते गारव्यामुळे. गंजलेलं लोखंड घासून कातडी सोलली गेली तर धनुर्वाताची भीती.

माती, शेण, चुलीची राख : यातून जखमेत जंतू जातात. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात.

चुना, तंबाखू, सोडा, लिंबू : मधमाशीचं विष आम्ल आणि गांधीलमाशीचं अल्क, म्हणून एकावर सोडा आणि दुसऱ्यावर लिंबू, असं मोबाईलवर फिरत असतं. पण विष कातडीच्या आत गेलेलं असतं. वर लावलेलं तिथपर्यंत पोहोचत नाही. चुन्याने मात्र कातडी भाजते.

ब्लेडने चीर देणे, तोंडाने चोखणे, दोरीने घट्ट आवळणे : याने विष निघत नाही. रक्तस्राव होतो, हातपाय निकामी होऊ शकतो.

रॉकेल, पेट्रोल : कातडीला इजा, आणि शेजारी चूल पेटलेली असेल तर आगीचा धोका.

दारू पाजणे : ठणका कमी व्हावा म्हणून काही ठिकाणी पाजतात. माणूस झिंगला की तो विषाने गुंगतोय की दारूने, हे डॉक्टरांनाही लवकर कळत नाही.

उतरवणं, मंत्र : काळ्या विंचवाचा ठणका काही तासांत आपोआपच उतरतो. त्या वेळेत मंत्र टाकला तर श्रेय मंत्राला जातं. लाल विंचवाच्या वेळी तेच काही तास दवाखान्यात पोहोचण्याचे असतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन मोडायचं नसेल तर नका मोडू, पण गाडी आधी बोलवा. मंत्र गाडीतही म्हणता येतो.

ही लक्षणं दिसली तर एक मिनिट थांबू नका

मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी यांच्या विषाची काहींना ॲलर्जी असते. अशा माणसाला एकच डंख पुरतो. आधी दहा वेळा चावली तेव्हा काही झालं नव्हतं, म्हणून आताही होणार नाही असं नसतं. त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतो. खाली दिलेल्यांपैकी काहीही दिसलं तर निघा :

• डंखापासून लांब, सगळ्या अंगावर पित्ताच्या गांध्या उठणं
• ओठ, जीभ, पापण्या सुजणं
• आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, घसा आवळल्यासारखं वाटणं
• धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज
• चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अंग गार पडणं
• उलट्या, पोटात मुरडा, जुलाब
• "मला काहीतरी होतंय" अशी एकदम वाटणारी भीती

अशा वेळी रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच ठेवा. धाप लागत असेल तर टेकून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उठवून चालत रस्त्यापर्यंत नेऊ नका. उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम पडून माणूस तिथेच कोसळू शकतो. खाटेवरून, झोळीतून न्या. १०८ ला फोन करा. फोनवर "गांधीलमाशी चावली, श्वास लागतोय" असं स्पष्ट सांगा. गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

यावरचं खरं औषध म्हणजे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ते मांडीच्या स्नायूत देतात. मोठ्या शहरातच मिळतं असं काही नाही. लसीकरणाच्या ठिकाणीही ते तयार ठेवतात. सिट्रिझिनच्या गोळीने गांध्या कमी होतील, पण बंद पडत चाललेला श्वास ती उघडणार नाही. म्हणून गोळी देऊन वाट बघत बसू नका. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं म्हणून लगेच घरी नेण्याचा आग्रहही धरू नका. काही तासांनी तोच त्रास उलटून येऊ शकतो. डॉक्टर थांबवतील तेवढं थांबा.

तोंडात, घशात डंख बसला असेल तर ॲलर्जी नसली तरी सूज येऊन श्वास कोंडू शकतो. उघड्या बाटलीतून, उसाच्या रसाच्या पेल्यातून असं होतं. बर्फाचा तुकडा चघळत दवाखान्याकडे निघा. डोळ्याला डंख असेल तर चोळू नका, काटा स्वतः काढू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

एकाच वेळी खूप डंख बसले तर

मोहोळ उठून अंगभर डंख बसतात तेव्हा ॲलर्जी नसतानाही विषाचा डोसच मोठा होतो. मोठ्या माणसाला तीसहून जास्त किंवा लहान मुलाला दहाहून जास्त डंख बसले असतील, तर तो हसत-बोलत असला तरी दवाखान्यात दाखवा. पट्टेवाल्या मोठ्या गांधीलमाशीचे असतील तर याहून कमी असले तरी दाखवा. या विषाने स्नायू आणि रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. त्याची खूण एक-दोन दिवसांनी दिसते. लघवी काळ्या चहासारखी किंवा लालसर होते, किंवा कमी होते. घरी आल्यावर दोन-तीन दिवस लघवीचा रंग बघत राहा. बदल दिसला तर परत दाखवा, तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

विंचू चावला तर घड्याळ बघा

लाल विंचवावरच्या उपचाराची वाट आपल्याच तालुक्यातून जगाला मिळाली. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं, मुलं काही तासांत दगावताना त्यांनी पाहिली. रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून त्यांनी टिपणं केली, तेव्हा लक्षात आलं की मृत्यू हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून होतो. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी यासाठी वापरायला सुरुवात केली. प्राझोसिन येण्याआधी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. विंचवावरची प्रतिविषाची लसही आता उपलब्ध आहे. ती प्राझोसिनसोबत दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हे महाडलाच झालेल्या अभ्यासातून २०११ साली पुढे आलं. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की औषध आहे, ते महाग नाही, पण वेळेत मिळायला हवं. विंचू चावल्यावर काय बघायचं?

• दरदरून घाम येतोय का? कपडे, अंथरूण भिजलंय का?
• उलट्या होतायत का?
• हात-पाय गार पडलेत का?
• छातीत धडधड, बेचैनी आहे का?
• मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठ झालंय का? लाजून हे लपवू नका, विष अंगात भिनल्याची ती मोठी खूण आहे आणि डॉक्टरांना ती सांगायलाच हवी.
• खोकला, धाप, तोंडातून फेस येतोय का?

यातलं एकही लक्षण दिसलं तर तोच क्षण निघण्याचा. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. जो माणूस ठणक्याने ओरडतोय, पण घाम-उलटी नाही, अंग उबदार आहे, त्याला बहुधा धोका कमी असतो. ज्याचा ठणका फारसा नाही, पण जो गुपचूप घामाघूम होऊन पडलाय, त्याची काळजी जास्त. पोरगं रडायचं थांबलं म्हणजे बरं वाटलं, असं समजून झोपवू नका.

लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्या. विष तेवढंच, पण अंग लहान. मोठ्या माणसालाही पहिले सहा तास नजरेखाली ठेवा. लक्षणं रात्री एकला सुरू झाली तर एकलाच निघा, सकाळच्या एसटीची वाट बघू नका. चावल्याची वेळ आणि पहिली उलटी किंवा घाम कधी आला ती वेळ मोबाईलवर लिहून ठेवा, डॉक्टरांना तेच पहिलं लागतं.

दवाखान्यात ठणक्यासाठी जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात. ठणका थांबला म्हणजे विष उतरलं असं नाही, त्यामुळे लगेच घरी पळू नका. आणि प्राझोसिनची गोळी घरात आणून ठेवून मनाने घेऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरतो. ती कधी, किती, कुणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

आग्या मोहोळ उठलं तर

धूर, दगड, ढोल-फटाक्यांचा आवाज, उग्र अत्तर, कधी घारीची झडप, यांनी माश्या बिथरतात. किल्ल्यावर, देवळाच्या आवारात, अंत्यविधीला सरणाच्या धुराने मोहोळ उठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

उठलंच तर टॉवेल, पदर, शर्ट डोक्या-तोंडावर घ्या आणि सरळ रेषेत पळा. हात झटकू नका. घरात, गाडीत शिरून दार बंद करा. बंद जागा जवळ नसेल तर दाट झुडपातून पळत राहा. विहिरीत, नदीत उडी मारू नका. माश्या वर थांबतात, डोकं वर काढलं की डसतात आणि माणूस बुडतो. कुणाला सोडवायला परत जायचं असेल तर घोंगडी, ताडपत्री अंगभर घेऊनच जा.

मोहोळ असलेल्या झाडाखाली गुरं बांधू नका. दाव्याला बांधलेला बैल पळू शकत नाही आणि जागेवर मरतो. डंख बसलेल्या जनावराला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

घरात आणि अंगणात एवढं सांभाळा

चप्पल-बूट घालण्याआधी झटका. अंथरूण घालण्याआधी चादर झाडा. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी चटईखाली खोचा. खाट असेल तर भिंतीपासून हातभर लांब ठेवा. रात्री अंगणात, न्हाणीत जाताना बॅटरी आणि चप्पल हवीच. लाकडं, गोवऱ्या, जुनी कौलं, विटांचा ढीग घराला टेकून रचू नका. काढताना आधी काठीने हलवा, आंधळा हात घालू नका. भारे बांधताना, पेंढा उचलताना हातमोजे नाहीत तर निदान जाड फडकं गुंडाळा. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. घरात झुरळं कमी झाली की त्यांना खायला येणारे विंचूही कमी होतात.

नोटा तपासायची जांभळी बॅटरी बाजारात मिळते. तिच्या उजेडात अंधारातला विंचू हिरवट-निळा चमकतो. पडवी, न्हाणी, गोठा झोपण्याआधी त्या उजेडाने एकदा बघितला तर बऱ्याच गोष्टी टळतात.

गांधीलमाशीचं पोळं लहान असतानाच लक्ष द्या. मोठं झालं असेल तर स्वतः शिडीवर चढू नका. डंख बसण्यापेक्षा दचकून शिडीवरून पडल्याने जास्त मोडतोड होते. पेटता बोळा लावून पोळं जाळणं तर पेंढ्याच्या, लाकडी घरात जीवघेणं. जाणकार माणसाला बोलवा.

सातेरीचं पोळं मात्र जाळू नका. ती जाणकाराला न मारता पेटीत घेता येते आणि आपल्या परसातल्या वेलभाज्या, सूर्यफूल यांचं परागीकरण तीच करते. याचं प्रशिक्षण महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून मिळतं.

आजच करून ठेवा

घराच्या दाराआड एका कागदावर १०८, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आशाताईंचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोन जणांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. मोबाईलची रेंज जाते, कागद जात नाही. विंचवाची लस आणि प्राझोसिन कुठल्या रुग्णालयात आहे, हे आशाताईंना दिवसाढवळ्या विचारून ठेवा. रात्री बाराला शोधत फिरायची ती गोष्ट नव्हे. घरात कुणाला पूर्वी डंखाने अंगभर गांध्या किंवा धाप लागली असेल तर त्यांचं नाव त्याच कागदावर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी "बघू थोडा वेळ" म्हणणार नाही.

ही माहिती वाडीच्या ग्रुपवर टाका. आणि घरातल्या शाळकरी पोरांना वाचून दाखवा, कारण दुपारी मोठी माणसं शेतावर असताना म्हाताऱ्या आजीजवळ बहुतेक वेळा तीच असतात.